‘बिटकॉइनच आहे हो ते’ असं व्यासपीठावरून सांगू नका : अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

अमेरिकेतल्या मराठी मंडळांचे अध्यक्ष, खजिनदार आणि ‘आर्थिक नियोजन’ या नावाखाली वक्ते बोलावणाऱ्या सर्व कार्यकर्त्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी न्यू जर्सीत बरीच वर्षं लोकांचे टॅक्स रिटर्न भरते. संक्रांतीच्या कार्यक्रमात एका हाताने तिळगूळ आणि दुसऱ्या हाताने पगाराच्या डब्ल्यू-टू फॉर्मचं पाकीट देणारी माणसं ही माझी गिऱ्हाइकं. त्यामुळे तुमच्यातल्या अनेकांची मिळकत मला ठाऊक असते आणि ती माझ्या पोटातच राहते. हे पत्र मात्र उघड लिहिते आहे, कारण चूकही उघड्यावरच झाली.

गेल्या महिन्यात एका मंडळाच्या कार्यक्रमात, साबुदाणावडे आणि चहा यांच्या मधल्या तासाभरात, एका पाहुण्या वक्त्यांनी क्रिप्टोवर, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांवर, भाषण केलं. छान बोलले. शेवटी म्हणाले, “पासवर्ड-बिसवर्डची कटकट हवीय कशाला? ईटीएफ घ्या. बिटकॉइनच आहे हो ते, फक्त सोपं केलेलं.” (ईटीएफ म्हणजे शेअरबाजारात शेअरसारखा घेता-विकता येणारा फंड.) टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं, “माझ्याकडे २०१६ ची नाणी आहेत. ती विकून हे घेऊ का?” उत्तर आलं, “डोळे झाकून.” मी हात वर केला होता, पण तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झालं, आणि आभारप्रदर्शन सुरू झालं की आपल्याकडे कुणी प्रश्न विचारत नाही.

तेव्हा माझा राहिलेला प्रश्न इथे : नाणं आणि ईटीएफ खरंच एकच आहेत का?

गेल्या वर्षी एका वहिनींच्या घरी गेले होते. मिस्टर अचानक गेले, त्याला तीन महिने झाले होते. जेवणाच्या टेबलावर कागदांचे तीन ढीग होते : घराचं आणि गाडीचं कर्ज, ब्रोकरेज आणि निवृत्तीची खाती, आणि ‘हे काय आहे ते मला माहीत नाही’. तिसऱ्या ढिगात पेन ड्राइव्हएवढं एक यंत्र होतं. दोन बटणं, इवलासा पडदा, आणि पडद्यावर पिनची मागणी. बिटकॉइनची किल्ली, म्हणजे नाणी हलवायचा गुप्त संकेत, असल्या यंत्रात असते. वहिनी म्हणाल्या, “हे नेहमी सांगायचे, मला काही झालं तर देवघरात बघ.” देवघराच्या खणात वातींचं पुडकं, कापराची डबी आणि चांदीच्या करंड्याखाली चौघडी घातलेला वहीचा कागद निघाला. त्यावर निळ्या शाईत क्रमांक घालून चोवीस इंग्रजी शब्द. सतराव्या शब्दावर कुंकू सांडून ओल बसलेली. पहिलं अक्षर एस वाचता येत होतं, पुढे नुसता लाल डाग.

नशीब बलवत्तर म्हणायचं. हे शब्द म्हणजे त्या किल्लीचीच लेखी नक्कल, यंत्राशिवायही नाणी परत मिळवून देणारी. ते २,०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात आणि शेवटच्या शब्दात बाकीच्यांची पडताळणी दडलेली असते. तेवीस शब्द आणि त्यांचा क्रम पक्का असेल, तर हरवलेल्या एका जागी यादीतले आठेक शब्दच बसतात. वहिनींच्या पुतण्यानं इंटरनेट तोडलेल्या लॅपटॉपवर ते काढले, त्यातला एसवाला बसवला आणि नाणी सापडली. तो अख्खा कागदच भिजून लगदा झाला असता, तर यंत्राच्या पिनपुढे आम्ही तसेच बसून राहिलो असतो. अर्ज करायला शाखा नाही, फोन करायला नंबर नाही.

आणि दुसरा ढीग? ब्रोकरेज खात्याला मृत्यूचा दाखला आणि एक फॉर्म पाठवला. वारस म्हणून वहिनींचं नाव आधीच लावलेलं होतं. तीन आठवड्यांत खातं त्यांच्या नावावर झालं. त्या खात्यात मिस्टरांनी घेतलेले बिटकॉइन ईटीएफचे शेअरही होते. एकाच माणसानं, एकाच ओढीनं घेतलेल्या या दोन वस्तू. त्या एकच आहेत असं त्या टेबलाशी बसून म्हणून दाखवावं.

आता ईटीएफ म्हणजे नेमकं काय हातात येतं ते पाहू. १० जानेवारी २०२४ ला इथल्या रोखे आयोगानं, म्हणजे एसईसीनं, अकरा स्पॉट, म्हणजे खरी नाणी बाळगणाऱ्या, बिटकॉइन फंडांना शेअरबाजाराचं दार उघडलं आणि दुसऱ्या दिवशी खरेदी-विक्री सुरू झाली. आयोगानं हे राजीखुशीनं केलेलं नाही. आपल्या जुन्या बिटकॉइन ट्रस्टचा ईटीएफ करायचा ग्रेस्केल कंपनीचा अर्ज त्यानं आधी फेटाळला होता, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं तो नकार मनमानी ठरवला. तेव्हाचे अध्यक्ष गॅरी गेन्सलर यांनी मंजुरीच्या निवेदनातच लिहून ठेवलं की आम्ही बिटकॉइनला मान्यता दिलेली नाही. (मंजुरीच्या आदल्या दिवशी आयोगाचंच एक्सवरचं खातं कुणीतरी ताब्यात घेऊन खोटी मंजुरी जाहीर केली होती. पासवर्डची कटकट सरकारलाही चुकलेली नाही.)

या वस्तूला सगळे फंड म्हणतात, पण कागदोपत्री तो एक ट्रस्ट आहे. तुमच्या नेहमीच्या म्युच्युअल फंडाला गुंतवणूक कंपन्यांसाठीच्या १९४० च्या कायद्याचं कुंपण असतं, ते याला नाही. हा रोख्यांच्या विक्रीबद्दलच्या १९३३ च्या कायद्याखाली नोंदलेला आहे, आणि प्रॉस्पेक्टसमध्ये, म्हणजे फंडाच्या माहितीपत्रकात, तसं स्पष्ट छापलेलं असतं. ट्रस्टच्या मालकीची नाणी खरीखुरी असतात, यात शंका नाही. त्यांच्या किल्ल्या कस्टोडियनकडे, म्हणजे नाणी सांभाळायला नेमलेल्या कंपनीकडे. सुरुवातीच्या अकरांपैकी बहुतेकांनी कॉइनबेसला कस्टोडियन नेमलं. फिडेलिटीनं ते काम आपल्याच उपकंपनीकडे ठेवलं. नाणी कस्टोडियनकडे, कस्टोडियन ट्रस्टला बांधील, ट्रस्टचा शेअर तुमच्या ब्रोकरकडे, आणि तुमच्या फोनवर एक आकडा. हा शेअर परत देऊन ‘माझं नाणं द्या’ असं तुम्हाला म्हणता येत नाही. ती देवघेव नेमून दिलेल्या मोठ्या संस्थाच करतात, आणि तीही गठ्ठ्यानं. ब्लॅकरॉकच्या फंडात एक गठ्ठा ४०,००० शेअरचा. जुलै २०२५ पर्यंत तर त्यांनाही रोखीतच व्यवहार करावा लागे. त्या महिन्यात आयोगानं नाण्याच्या रूपात देवघेवीला परवानगी दिली, पण तो दरवाजाही तुमच्या-माझ्या उंचीचा नाही.

घरी समजवायला मी सोनं वापरते. आईच्या पाटल्या एकीकडे, भावाच्या डीमॅटमधलं गोल्ड ईटीएफ दुसरीकडे. भारतात ते २००७ पासून आहे. भाव दोन्हीकडे सोन्याचाच. पाटल्यांना चोराची भीती, मोडायला गेलं की सराफ घट धरणार. ईटीएफला चोर नाही, घट नाही, पण मुंजीत घालून मिरवायलाही काही नाही. दृष्टान्त इथवरच चालतो. हरवलेल्या पाटल्या निदान दुसऱ्या कुणाला तरी सापडतात. चोवीस शब्द हरवले तर नाणं जगात कुणालाच मिळत नाही. ते सगळ्यांना दिसतं, त्याचा पत्ता सगळ्यांना माहीत असतो, आणि ते जागचं हलत नाही.

एक तिसरा प्रकार आहे, आणि वक्त्यांनी त्याचा उल्लेखच केला नाही. माझ्याकडे ‘मी थेट बिटकॉइन घेतलाय’ असं सांगत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची नाणी एक्सचेंजच्या, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीच्या, खात्यात पडलेली असतात. किल्ली एक्सचेंजकडे. म्हणजे यांच्याकडेही नाणं नाही. हिशेबाच्या भाषेत त्याला येणं म्हणतात. २०१४ मध्ये टोकियोची माउंट गॉक्स बुडाली, नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स. मुंबईच्या वझीरएक्समधून जुलै २०२४ मध्ये २३ कोटी डॉलरहून जास्त किमतीची नाणी चोरीला गेली, पैसे काढणं बंद झालं, आणि आपल्या गावातल्या पोरांना सिंगापूरच्या न्यायालयातली योजना वाचून मत द्यायची वेळ आली. त्यात वर्षाहून जास्त काळ गेला. माझेही थोडे डॉलर एकदा अशाच एका एक्सचेंजमध्ये अडकले होते. नाव घेत नाही. सात महिने दर आठवड्याला ईमेल करायचे आणि दर आठवड्याला तेच उत्तर यायचं, शेवटी हसऱ्या चेहऱ्यासकट. रक्कम किरकोळ होती म्हणून हसू आलं.

ब्रोकर बुडाला तर तुमच्या खात्यातल्या ईटीएफच्या शेअरना एसआयपीसीचं, म्हणजे ब्रोकरच्या गिऱ्हाइकांसाठी असलेल्या संस्थेचं, संरक्षण आहे, पाच लाख डॉलरपर्यंत. भाव पडला तर नाही, हे उघडच आहे. एक्सचेंजमधल्या नाण्यांना ते संरक्षण मुळीच नाही. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते : स्वतः किल्ली सांभाळायची तयारी नसेल, तर एक्सचेंजमध्ये वर्षानुवर्षं नाणी ठेवण्यापेक्षा ईटीएफ बरा. वक्त्यांशी माझं एवढ्यापुरतं जमतं.

पण डोळे उघडे ठेवून. फंडाची फी कोण भरतं? तुम्हाला बिल येत नाही, म्हणून ती नसते असं नाही. ट्रस्ट दर थोड्या दिवसांनी आपल्याकडची चिमूटभर नाणी विकून फी भागवतो, त्यामुळे प्रत्येक शेअरमागचं नाणं वर्षागणिक झिजत जातं. वर्षाला ०.२५ टक्के दरानं दहा वर्षांनी शंभरातले साडेसत्त्याण्णव उरतात. ग्रेस्केलच्या जुन्या ट्रस्टचा दर दीड टक्का. तिथे दहा वर्षांनी शंभरातले शहाऐंशी. माझ्या गिऱ्हाइकांपैकी दोघं अजून त्या जुन्या ट्रस्टमध्ये आहेत, कारण विकलं तर टॅक्स बसेल. तो ट्रस्ट ईटीएफ होण्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये आपल्याच नाण्यांच्या किमतीच्या जवळजवळ निम्म्या भावात मिळत होता. ‘बिटकॉइनच आहे हो ते’ म्हणणाऱ्यांना तेव्हा आरसा दाखवायला हवा होता. आता ईटीएफ झाल्यावर ही तफावत फार राहत नाही, हेही खरं.

वेळेचा प्रश्न आहेच. नाण्याचा बाजार दिवाळीलाही बंद नसतो. ईटीएफचा मुख्य बाजार न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे साडेनऊ ते चार, सोमवार ते शुक्रवार. शुक्रवारी, २ ऑगस्ट २०२४ ला, बिटकॉइन ६०,००० डॉलरच्या वर होता. सोमवारी सकाळी बाजार उघडायच्या आत तो ५०,००० च्या खाली डोकावून आला. ईटीएफवाल्यांनी रविवारची रात्र नुसती बघत काढली. नाणंवाले विकू शकत होते, आणि ज्यांनी विकलं त्यांनी हात चोळले, कारण आठवडा संपायच्या आत भाव पुन्हा ६०,००० ला टेकला. काही माणसांना बंद दार हेच औषध असतं. आमच्या घरात एक आहेत.

आता माझं क्षेत्र. इथे थोडी रेंगाळणार.

आयआरएसनं, म्हणजे इथल्या आयकर खात्यानं, २०१४ सालीच सांगितलंय की क्रिप्टो ही मालमत्ता आहे, चलन नव्हे. नाणं देऊन लॅपटॉप घेतलात तर ती नाण्याची विक्री झाली आणि नफ्यावर टॅक्स आला. एका नाण्याच्या बदल्यात दुसरं घेतलंत तरी तेच. स्वतःच्याच एका वॉलेटमधून (वॉलेट म्हणजे किल्ल्या ठेवायचं यंत्र किंवा ॲप) दुसऱ्यात हलवलंत तर मात्र टॅक्स नाही. १ जानेवारी २०२५ पासून खरेदी-किमतीचा हिशेब वॉलेटनिहाय ठेवावा लागतो. सगळ्या खात्यांची एकत्र खिचडी करून सोयीची किंमत निवडण्याची मुभा संपली. २०२५ च्या व्यवहारांपासून एक्सचेंज १०९९-डीए नावाचा नवा फॉर्म पाठवतात. पण तुम्ही बाहेरच्या वॉलेटमधून आणलेल्या नाण्याची मूळ किंमत त्यांना कुठून कळणार? तो रकाना रिकामा येतो आणि आयआरएसला विक्रीची पूर्ण रक्कम दिसते. मग मार्चमध्ये मला फोन येतो. ईटीएफ विकलात तर ब्रोकरचा नेहमीचा १०९९-बी येतो. माझी रात्रीची झोप ईटीएफवाल्यांच्या बाजूनं आहे.

उलट बाजूही पाहा. तोट्यात विकून तीस दिवसांच्या आत तेच परत घेतलं, तर तोटा त्या वर्षी धरता येत नाही, हा वॉश सेलचा नियम शेअर आणि रोख्यांचा आहे. नाण्यांना तो सध्या लागत नाही. ईटीएफच्या शेअरना तो लागतो असंच धरून चाला, असं मी सगळ्यांना सांगते. निवृत्तीच्या रॉथ आयआरए खात्यात ईटीएफ सहज घेता येतो; नाणं तिथे ठेवायचं तर वेगळी व्यवस्था आणि वेगळी फी.

आणि त्या काकांचं काय? २०१६ च्या उन्हाळ्यात बिटकॉइन ६००-७०० डॉलरच्या आसपास होता. समजा ६५० ला घेतलं आणि ६०,००० ला विकलं, तर प्रत्येक नाण्यामागे ५९,३५० डॉलरचा नफा. त्यावर केंद्राचा पंधरा किंवा वीस टक्के, मिळकत जास्त असेल तर वर ३.८ टक्के, शिवाय राज्याचा वेगळा. म्हणजे ‘कटकट नको’ एवढ्यासाठी काका पाचवा हिस्सा सरकारला देणार आणि उरलेल्या पैशांत तीच किंमत परत विकत घेणार. काका सत्तरी ओलांडलेले आहेत. तीच नाणी त्यांच्या पश्चात मुलांना मिळाली, तर मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाची धरली जाते आणि आजवरचा नफा टॅक्सच्या वहीतून पुसला जातो. काकांना विक्रीचा सल्ला नको होता, कागद नीट ठेवायचा सल्ला हवा होता. ‘डोळे झाकून’ हे उत्तर देताना वक्त्यांनी वय विचारलं नाही, खरेदीची किंमत विचारली नाही.

बाकीचं थोडक्यात. वक्त्यांनी स्लाइडवर दाखवलेल्या एका फंडात नाणंच नाही, शिकागोच्या बाजारातल्या वायद्यांचे करार, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, आहेत. तसले फंड ऑक्टोबर २०२१ पासून आहेत, आणि दर महिन्याला करार पुढे ढकलताना त्यात गळती होऊ शकते. इथर या दुसऱ्या नाण्याचे फंड जुलै २०२४ मध्ये आले तेव्हा त्यांना नाणी स्टेकिंगला, म्हणजे नेटवर्क चालवायला गुंतवून मोबदला मिळवायला, लावायची परवानगी नव्हती. इथर स्वतःकडे असणाऱ्याला त्यातून वर्षाला तीनेक टक्के सुटतात. ग्रेस्केलनं ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या इथर फंडांत ती सोय सुरू केली. तुमच्या फंडात आहे का, ते प्रॉस्पेक्टसमध्ये पाहा. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये बिटकॉइनला फाटा फुटून बिटकॉइन कॅश निघाला, तेव्हा किल्ली हातात असणाऱ्यांना नव्या जातीचं नाणं फुकट मिळालं होतं. आजच्या ट्रस्टांनी असल्या हक्कांवर प्रॉस्पेक्टसमध्ये आधीच पाणी सोडलेलं असतं.

भाषणानंतर चारपाच जणांनी मला हळूच विचारलं, “पुण्याचा भाऊ म्हणतोय, तुझ्या खात्यात माझ्यासाठी ईटीएफ घे.” घेऊ नका. नफा इथे तुमच्याच रिटर्नमध्ये येणार. भारतात नाण्याच्या नफ्यावर २०२२ पासून सरसकट ३० टक्के टॅक्स आहे, तोटा कशातूनच वजा होत नाही आणि विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो. तिथल्या बाजारात क्रिप्टोचा ईटीएफ नाहीच. भावाची चुळबुळ समजते, पण त्यावर उपाय तुमचं खातं नव्हे. त्याला त्याच्या सीएकडे पाठवा.

तुमच्याकडे मागणं फार नाही. क्रिप्टोवर वक्ता बोलावलात तर त्याला फंडाकडून किंवा एक्सचेंजकडून काही मिळतं का, ते सुरुवातीलाच त्याच्या तोंडून वदवून घ्या. शेवटची वीस मिनिटं प्रश्नांसाठी ठेवा आणि आभारप्रदर्शन त्यानंतर करा. आणि वर्षातून एक संध्याकाळ नवरा-बायकोंना एकत्र बसवा, विषय एकच : आपल्यापैकी एकजण उद्या नसेल, तर दुसऱ्याला काय कुठे सापडेल. शब्द कोणत्या कागदावर, कागद कुठे, ब्रोकरेज खात्याला वारसाचं नाव लावलंय का. अशा संध्याकाळी मी फुकट येईन. साबुदाणावडे मात्र हवेत.

त्या काकांना मी नंतर पार्किंगमध्ये गाठलं. अजून काही विकलं नव्हतं. मी काकूंना विचारलं, “शब्दांचा कागद कुठे असतो, तुम्हाला माहीत आहे ना?” काकूंनी काकांकडे पाहिलं. काका गाडीची किल्ली शोधायला लागले.

आपली नम्र,
तुमच्यातलीच एक टॅक्सवाली